खाणीचा इतिहास उभा करताना

(किनवटच्या वनातील युवक शिबिरास निघालेली मुलेमुली व त्यांचे पालक यांच्यापुढे नांदेड येथे केलेले भाषण)



येत्या सुट्टीत नांदेड आणि लातूर या दोन जिल्ह्यांतील आपली मुलेमुली आठ दिवसांसाठी किनवटच्या वनात शिबिरास जात आहेत. शिबिराच्या शेवटच्या रात्री मोठ्या मुलांनी लहानांपुढे एक देखावा सादर करावयाचा आहे. विषय ठरला आहे खाणींच्या काळाचा. खाणी कशा निघाल्या, त्यांत कोण राबले, त्यांचे हाल काय झाले आणि त्यांना कायद्याने काय मिळाले, हे मुलांनी स्वतः ती माणसे होऊन दाखवावयाचे आहे. या देखाव्याच्या तयारीविषयी चार शब्द सांगावेत अशी मला आज्ञा झाली, म्हणून मी उभा आहे. मी नाटकमंडळीतला माणूस नव्हे. आयुष्यभर शाळेत इतिहास शिकविला, एवढीच माझी पात्रता.

गेल्या आठवड्यात काही पालकांशी माझे बोलणे झाले. त्यांनी तीन आक्षेप घेतले. ते तिन्ही मोलाचे आहेत, आणि त्यांची उत्तरे देता देताच तयारी कशी करावी हे सांगून होईल असे मला वाटते.

पहिला आक्षेप असा की, आपल्या दोन्ही जिल्ह्यांत कोळशाची खाण नाही, सोन्याची नाही, मँगनीजची नाही. आपण ज्वारी-कापसाच्या मुलखातील माणसे. मग खाणीचा इतिहास आपल्या मुलांनी का उभा करावा?

बंधूंनो, इतिहास तालुक्याच्या हद्दीवर थांबत नाही. मराठवाडा निजामाच्या राज्यात होता. १८७१ साली भूगर्भ सर्वेक्षण खात्याचे विल्यम किंग यांना त्याच राज्यात येल्लंदूजवळ कोळसा आढळला. १८८६ साली एका विलायती कंपनीने तो काढण्याचे हक्क मिळविले, १९२० साली सिंगरेणी कॉलियरीज ही कंपनी झाली, आणि १९४५ साली निजाम सरकारने तिचे बहुतेक भाग विकत घेतले. १९०० च्या सुमारास मनमाडहून नांदेडमार्गे सिकंदराबादकडे आगगाडी धावू लागली. निजामाच्या रेल्वेची इंजिने सिंगरेणीच्या कोळशावर चालत. आपल्या आजोबा-पणजोबांनी नांदेडच्या स्टेशनावर ज्या इंजिनाचा धूर पाहिला, त्या धुरामागे जमिनीच्या पोटात कुदळ चालविणारा एक मजूर होता. त्याचे नाव त्यांना ठाऊक नव्हते, आणि यांचे नाव त्याला ठाऊक नव्हते.

आणखी एक गोष्ट मुलांनी नकाशावर पाहावी. आज चंद्रपूर जिल्ह्यात असलेला राजुरा तालुका पूर्वी हैदराबाद राज्याच्या आदिलाबाद जिल्ह्यात होता. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हा किनवटबरोबर तोही नांदेड जिल्ह्यास जोडला गेला, आणि १९५९ साली चंद्रपूरकडे गेला. राजुऱ्याच्या सास्ती गावी जमिनीखाली कोळसा आहे. म्हणजे तीन वर्षे का होईना, कोळशाची भूमी नांदेड जिल्ह्यात होती. शिबिर ज्या वनात भरणार, त्याच्या कडेने पैनगंगा वाहते. ती पुढे वर्धा नदीस मिळते, आणि त्या खोऱ्यातच वणी, घुग्गुस, बल्लारपूर येथील खाणी आहेत. नांदेडच्या घाटाखालून वाहणारी गोदावरी पुढे तेलंगणात ज्या गावाजवळून जाते त्याचे नावच गोदावरीखनी. मुलांनी देखाव्याचा आरंभ पाण्यापासून करावा अशी माझी सूचना आहे. एका मुलीने जमिनीवर खडूने किंवा रांगोळीने दोन्ही नद्या काढाव्यात, त्यांवर गावे मांडावीत, आणि लहानांना विचारावे, ‘हे पाणी येथून कोठे जाते?’ त्या उत्तरातून खाण आपोआप आपल्या घराजवळ येईल.

आता दुसरा आक्षेप. तो एका मातेने घेतला, आणि तो ऐकून मी काही वेळ गप्प राहिलो. ती म्हणाली, ‘गुरुजी, आमच्या सासूने डोक्यावर पाटी वाहिली. आम्ही ती खाली ठेवली. आता माझ्या लेकीने हौसेने ती पुन्हा डोक्यावर घ्यावी, आणि लोकांनी टाळ्या वाजवाव्यात, हे मला पाहवेल काय?’

या मातेचे दुःख खरे आहे. धम्मदीक्षा घेतल्यावर आपण मेलेली ढोरे ओढणे टाकले, येसकरकी टाकली, मागून आणलेली भाकर टाकली. जुन्या जिण्याची वस्त्रे अंगावरून काढून फेकली. अशा घरातील मुलीला ‘तू आता कामीण हो’ असे सांगणे सोपे नाही. तथापि मी त्या मातेला एकच प्रश्न विचारला. बाई, आपण लाज कशाची टाकली? श्रमाची की गुलामीची?

येसकरकीत लाज होती, कारण ते काम जन्माने लादलेले होते, त्याला मजुरी नव्हती आणि नाही म्हणण्याची सोय नव्हती. जमिनीच्या पोटातून कोळसा काढणे हे तसे काम नव्हे. त्या कामावर रेल्वे चालली, गिरण्या चालल्या, शहरांत दिवे लागले. त्यात लाजिरवाणे जे होते ते काम करणाऱ्याकडे नव्हते. ते काम घेणाऱ्याकडे होते. मजुरी बुडविणारा, माप मारणारा, छत ढासळेल हे ठाऊक असून माणूस आत पाठविणारा, लाज त्याची. देखाव्यात ही लाज ज्याची त्याच्या पदरात पडली पाहिजे. ती मजुराच्या अंगावर राहिली, तर आपल्या मातेचा आक्षेप खरा ठरेल आणि देखावा करू नये हेच बरे.

येथे मी माझ्या घरची एक गोष्ट सांगतो. १९७२ च्या दुष्काळात मी लहान होतो. माझी आजी रस्त्याच्या कामावर खडी फोडीत असे. दुपारी सुकडी मिळे, घरी मिलोची भाकरी असे. खडीचा ढीग ब्रासाने मोजला जाई. मोजणारा माणूस ढिगाची उंची घेताना फूटपट्टी खड्यांत खुपसण्याऐवजी कडेला, जेथे ढीग उतरता असे तेथे, धरी. आजीला अक्षर येत नव्हते. परंतु तिला ढीग कळत होता. एके दिवशी तिने त्याच्या हातची पट्टी घेतली आणि ढिगाच्या मध्यावर रोवून म्हणाली, ‘ढीग इथं आहे.’ त्या दिवसापासून तिच्या ढिगाचे माप मध्यावर होऊ लागले. इतरांचे मात्र पूर्वीप्रमाणेच कडेला होत राहिले, आणि याचे तिला मरेपर्यंत वाईट वाटे. आपण एकटीने पट्टी घेतली, चौघींनी मिळून घ्यावयास हवी होती, असे ती म्हणे.

मुलांनो, तुम्ही खाणीतील माणूस उभा कराल तो असा करा. त्याला नुसता रडवू नका. तो दमला आहे, पण त्याला आपले काम कळते, माप कळते, अन्याय कळतो. शिबिराला जाण्यापूर्वी प्रत्येकाने आपल्या घरातील अथवा वस्तीतील एका वृद्ध स्त्रीकडे जावे. ज्यांनी दुष्काळात खडी फोडली, विहिरी खोदल्या, अशा आज्या अजून आहेत. हातोडा कोठे धरतात, दगडाची शीर कशी ओळखतात, बोटाला चिंधी का बांधतात, बसताना कोणता पाय मोडतात, हे त्यांना विचारा. ते पुस्तकात मिळणार नाही. ‘एहिपस्सिको’ म्हणजे या आणि पाहा. भगवंताने धम्माविषयी जे सांगितले ते इतिहासालाही लागू आहे.

आता खाणीविषयी जे तुम्हाला ठाऊक असले पाहिजे ते थोडक्यात सांगतो.

मराठी मुलखात कोळशाची सरकारी खाण वरोऱ्यास १८७१ च्या सुमारास निघाली व १९०६ साली बंद झाली. १९०० पासून नागपूर, भंडारा, बालाघाट या भागांत मँगनीज निघू लागले. मजूर आणण्याची रीत सगळीकडे थोड्याफार फरकाने सारखीच होती. मुकादम किंवा सरदार गावात येई, उचल देई, आणि कर्जात बांधलेली कुटुंबेच्या कुटुंबे घेऊन जाई. हे दृश्य लातूरच्या मुलांना समजावून सांगावे लागणार नाही. ऊसतोडीच्या टोळ्या आजही उचल घेऊनच कारखान्यावर जातात. म्हणून देखाव्याचा पहिला प्रवेश उचलीचा ठेवा. मुकादम पैसे मोजतो, अंगठा घेतो, आणि वहीत काय लिहितो ते कोणी वाचीत नाही. एवढेच दाखवा. फार बोलू नका.

कोळशाच्या खाणीत नवरा कुदळीने कोळसा तोडी आणि बायको तो पाटीत भरून डब्यापर्यंत नेई. मुलेही बरोबर असत. १९२३ च्या कायद्याने तेरा वर्षांखालील मुलांस खाणीत मज्जाव झाला, आणि १९३५ साली ती मर्यादा पंधरा वर्षांची झाली. त्याच १९२३ च्या कायद्याने जमिनीखाली आठवड्याचे ५४ तास आणि वर ६० तास ठरविले. १९५२ च्या खाण कायद्याने ते ४८ वर आणले. शिबिरातील लहान मुले बहुतेक बारा-तेरा वर्षांची असतील. देखावा पाहताना त्यांना हे सांगा की, १९२३ पूर्वी तुमच्याएवढे मूल तेथे असते तर प्रेक्षकांत बसले नसते, पाटीखाली असते.

खाणीत छत कोसळू नये म्हणून कोळशाचेच जाड खांब मध्ये मध्ये सोडून देतात आणि त्यांच्या मधली वाट पोखरीत जातात. छताला लाकडाचे टेकू लावतात. छत बसू लागले की लाकूड आधी करकरते. अनुभवी मजूर बोलणे थांबवून त्या आवाजाकडे कान देतो. खाणीतील दिव्याची हकीगतही जाणून घ्या. १८१५ साली हम्फ्री डेव्ही या शास्त्रज्ञाने ज्योतीभोवती बारीक तारेची जाळी बसविली. जाळी उष्णता ओढून घेते, म्हणून आतील ज्योत बाहेरच्या ज्वालाग्राही वायूस पेटवीत नाही. उलट असा वायू असला म्हणजे ज्योतीवर निळसर टोपी दिसू लागते, आणि श्वासास लागणारी हवा कमी झाली म्हणजे ज्योत मंदावते. दिवा केवळ उजेड देत नसे, तो सूचनाही देत असे. प्रत्येक दिव्यास क्रमांक असे, आणि त्याच क्रमांकाचा बिल्ला वर फळीवर टांगलेला असे. पाळी सुटल्यावर ज्याचा बिल्ला फळीवर परत आला नाही, तो माणूस अजून आत आहे असे समजावे.

हा बिल्ला तुमच्या देखाव्याचे मुख्य साधन करा. पत्र्याचे किंवा पुठ्ठ्याचे बिल्ले कापा. आरंभी प्रत्येक लहान मुलाच्या हातात एकेक बिल्ला द्या आणि क्रमांक पाठ करावयास सांगा. शेवटी बिल्ले फळीवर परत लावून घ्या. तीन बिल्ले आधीच काढून ठेवा, म्हणजे फळीवर तीन जागा रिकाम्या राहतील. त्यांविषयी एक शब्दही बोलू नका. मुले विचारतील. तेव्हा सांगा की, २७ डिसेंबर १९७५ रोजी धनबादजवळ चासनाला येथे खाणीत पाणी शिरले आणि सरकारी आकड्याप्रमाणे ३७५ माणसे मेली. कोळसा खाणींचे राष्ट्रीयीकरण होऊन गेल्यानंतरची ही गोष्ट आहे. म्हणजे कंपनी गेली आणि सरकार आले एवढ्याने खाण सुरक्षित होत नाही, हेही मुलांस कळेल.

आता तिसरा आक्षेप, आणि तो सर्वांत नाजूक आहे.

बाबासाहेब जुलै १९४२ ते १९४६ पर्यंत हिंदुस्थान सरकारचे मजूरमंत्री होते. खाणमजुरांसाठी त्यांनी केलेले कार्य देखाव्यात यावे याबद्दल दुमत नाही. डिसेंबर १९४३ मध्ये त्यांनी धनबाद भागातील कोळसा खाणी स्वतः जाऊन पाहिल्या. १९४१ च्या कायद्याने खाणीतील स्त्रीस बाळंतपणापूर्वी चार आठवडे व नंतर चार आठवडे रोज आठ आणे भत्ता मिळण्याची तरतूद होती. त्यातील संदिग्धता काढून टाकणारी दुरुस्ती १९४३ साली त्यांनी विधिमंडळात मांडली. जानेवारी १९४४ च्या अखेरीस वटहुकूम निघाला आणि कोळशावर कर बसवून त्या पैशातून मजुरांच्या आरोग्यासाठी, पाण्यासाठी, घरांसाठी कल्याण निधी उभारण्यास आरंभ झाला. हे सर्व मुले आनंदाने दाखवितील.

परंतु याच काळातील आणखी एक गोष्ट आहे. स्त्रियांना जमिनीखाली कामास लावू नये असा नियम १९२९ पासून क्रमाक्रमाने अमलात येऊन १९३७ साली पूर्ण झाला होता. युद्धाच्या काळात कोळसा कमी पडू लागला, आणि १९४३ साली सरकारने ही बंदी उठविली. स्त्रिया पुन्हा खाणीत उतरल्या. त्या वेळी मजूर खाते बाबासाहेबांकडे होते. फेब्रुवारी १९४४ मध्ये मध्यवर्ती विधिमंडळात या निर्णयावर कडक टीका झाली, आणि सरकारतर्फे उत्तर देण्यास बाबासाहेबच उभे राहिले. ही आणीबाणीची व तात्पुरती व्यवस्था आहे, स्त्रियांना पुरुषांइतकीच मजुरी देण्याचे तत्त्व येथे प्रथमच प्रस्थापित झाले आहे, अशी बाजू त्यांनी मांडली. १ फेब्रुवारी १९४६ पासून बंदी पुन्हा लागू झाली.

एक गृहस्थ मला म्हणाले, ‘गुरुजी, एवढा भाग गाळा. नव्याने दीक्षा घेतलेल्यांची मुले आहेत. त्यांच्या मनात किंतु कशाला?’ हे गृहस्थ माझ्याहून अधिक निष्ठेने चळवळीत राबलेले आहेत. त्यांचा हेतू शुद्ध आहे, याबद्दल मला शंका नाही. तरीही मी त्यांना नम्रपणे ‘नाही’ म्हटले. त्याची कारणे आपल्यापुढे ठेवतो.

पहिले कारण पंचशीलातले. मुसावादा वेरमणी हे शील घेणाऱ्याने इतिहास सांगताना सोयीचे तेवढे ठेवून बाकीचे झाकणे बरे नव्हे. दुसरे कारण बाबासाहेबांचेच. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत बोलताना राजकारणातील भक्तीपासून आणि विभूतिपूजेपासून सावध राहण्याचा इशारा त्यांनी दिला होता. तो स्वतःच्या अनुयायांस लागू नाही असे त्यांनी कोठे म्हटल्याचे मी वाचलेले नाही. तिसरे कारण मुलांचे. आज आपण गाळले तर उद्या कोणीतरी वैरभावाने तीच गोष्ट या मुलांच्या तोंडावर फेकील, आणि तेव्हा त्यांच्याजवळ उत्तर नसेल. ज्या मुलाने दोन्ही बाजू स्वतः उभ्या केल्या आहेत त्याला असे कोणी गोंधळवू शकत नाही.

आणि चौथे कारण त्या स्त्रियांचे. खाणीतील स्त्रीच्या बाजूने पाहिले तर हा प्रश्न वाटतो तितका सरळ नव्हता. बंदी आली तेव्हा तिची पाठ वाचली. परंतु घरात येणारी तिची मजुरीही गेली आणि नवऱ्याची मजुरी काही तेवढी वाढली नाही. बंदी उठली तेव्हा मजुरी आली आणि धोका परत आला. दोन्ही वेळा तिला कोणी विचारले नाही. म्हणून या प्रवेशात तीन मुलींना उभे करा. एक म्हणेल, मला खाली जायचे नाही. दुसरी म्हणेल, मला गेल्यावाचून चूल पेटत नाही. तिसरी म्हणेल, मी जाईन, पण पुरुषाएवढी मजुरी आणि बाळंतपणाचा भत्ता घेऊन जाईन. विधिमंडळातील टीका एका मुलाने मांडावी, बाबासाहेबांची बाजू दुसऱ्याने कागदावरून वाचावी. कोणीही बाबासाहेबांचा वेष धरू नये. कोट, चष्मा आणि हातात पुस्तक दिले म्हणजे प्रेक्षक हात जोडतात आणि ऐकावयाचे थांबतात. शेवटी निकाल सांगू नका. लहानांना विचारा, ‘तुम्ही त्या सभेत असता तर काय म्हटले असते?’ त्यांची उत्तरे ऐकून घ्या, आणि २०१९ साली सरकारने तांत्रिक व देखरेखीच्या कामांसाठी स्त्रियांना जमिनीखाली जाण्याची मुभा दिली हेही त्यांना सांगा. प्रश्न अजून मिटलेला नाही.

नव्याने दीक्षा घेतलेल्या कुटुंबांस आणखी एक हकीगत सांगितली पाहिजे. कर्नाटकात कोलार येथे सोन्याच्या खाणी होत्या. १८८० पासून जॉन टेलर यांच्या विलायती पेढीने त्या चालविल्या, तीन किलोमीटरांहून अधिक खोल नेल्या, आणि २८ फेब्रुवारी २००१ रोजी त्या बंद झाल्या. तेथे राबणाऱ्यांत तमिळ अस्पृश्य फार मोठ्या संख्येने होते. पंडित अयोध्यादास यांनी १८९८ साली मद्रासेस शाक्य बौद्ध संघ स्थापन केला, आणि त्याची शाखा कोलारच्या खाणमजुरांत फोफावली. त्याच परंपरेतील लक्ष्मी नरसू यांचा बौद्ध धम्मावरील १९०७ सालचा ग्रंथ बाबासाहेबांनी १९४८ साली पुन्हा प्रकाशित करविला. म्हणजे नागपूरच्या दीक्षाभूमीवर १९५६ साली आपण त्रिशरण घेतले, त्याच्या सुमारे पन्नास वर्षे आधी, सोन्याच्या खाणीतील काळोखातून वर येणारा अस्पृश्य मजूर बुद्धाला शरण जात होता. १९३० साली बोटांचे ठसे घेऊन नोंदणी करण्याच्या सक्तीविरुद्ध याच मजुरांनी मोठा संप केला. आम्ही गुन्हेगार नव्हे, हे त्यांचे म्हणणे होते. उचलीच्या प्रवेशातील अंगठा आणि हा ठसा यांचा संबंध मुलांनी जोडून दाखवावा.

आता थोडे व्यवहाराचे.

भूमिका चिठ्ठ्या टाकून वाटा. उजळ मुलगा साहेब आणि सावळा मुलगा कुली, ही वाटणी आपल्या शिबिरात होता कामा नये. एकाच मुलाने एका प्रवेशात मुकादम आणि पुढच्यात मजूर व्हावे, म्हणजे पट्टी कडेला कशी धरली जाते आणि ती मध्यावर कशी आणावी हे दोन्ही त्याला कळेल. मुलींनी खाण निरीक्षक, डॉक्टर, विधिमंडळाचे सभासद व्हावे. जातिवाचक शिवी तोंडातून काढू नका. अपमान दाखवायचा तर पाणी देताना ओंजळीवर उंचावरून ओतलेली धार पुरेशी आहे. पाहणाऱ्या सर्वांना ती समजते. काजळी फासून कोणी हसू लागला तर तालीम तेथेच थांबवा.

किनवटच्या वनात गोंड, कोलाम, परधान, आंध बंधू राहतात. ते तुमचे यजमान आहेत. डोक्यात पिसे खोवून त्यांची सोंगे आणू नका. खाणी अनेक ठिकाणी आदिवासींच्याच भूमीवर निघाल्या, तेव्हा त्या गावांतील दोघा वृद्धांना देखावा पाहण्यास आधी जाऊन निमंत्रण द्या आणि शेवटी त्यांना बोलण्यास विनंती करा.

सागाचा पाला उन्हाळ्यात वाळून पडलेला असतो, त्यावर एक ठिणगी पुरते. म्हणून मशाली, पलिते, तेलाचे उघडे दिवे नकोत. बॅटरीचे दिवे लाल-पिवळ्या कागदात गुंडाळून वापरा. गुहा, पडक्या विहिरी, दगडाच्या जुन्या खाणी यांत उतरून ‘खरे’ दृश्य करण्याचा मोह कोणी धरू नये. त्याची गरजही नाही. वनातील रात्रीचा काळोख तुम्हाला फुकट मिळणार आहे. सर्व दिवे एक मिनिट मालवा. त्या काळोखात एकाने दगडावर दगड आपटावा, दुसऱ्याने वाळलेली फांदी हळूहळू मोडावी, आणि टेकू करकरला की सर्वांनी बोलणे थांबवावे. एवढ्याने खाण उभी राहील. भिणाऱ्या लहान मुलाजवळ एक ताई आधीच बसलेली असावी.

पालकांना, विशेषतः मुलींच्या पालकांना, माझी शेवटची विनंती. ‘पोरीला जंगलात कशाला पाठवायचे?’ असे काही घरांत चालले आहे, ते माझ्या कानी आले. आपली काळजी योग्य आहे. कोणत्या ताई बरोबर आहेत, निजण्याची सोय काय, औषधोपचाराची सोय काय, हे सर्व विचारून घ्या. विचारणे हा आपला हक्क आहे. परंतु उत्तर समाधानकारक असेल तर मुलीला पाठवा. आपल्या आज्या मजुरीसाठी गावे सोडून गेल्या, तेव्हा त्यांना कोणी विचारले नव्हते. आपली लेक स्वतःच्या इच्छेने जात आहे आणि त्या आज्यांची गोष्ट सांगून परत येणार आहे.

ज्या मातेने दुसरा आक्षेप घेतला तिने काल मला निरोप पाठविला. तिची लेक जाणार आहे. तिने तीन मुलींपैकी तिसरीची भूमिका मागितली आहे, मजुरी आणि भत्ता घेऊनच खाली जाणारीची. चिठ्ठीत ती निघेल की नाही हे मी सांगू शकत नाही. सासूची जुनी पाटी घरात माळ्यावर होती, ती मात्र त्या मातेने खाली काढून पुसून ठेवली आहे. शिबिराला ती पाटी जाईल.

मुलांनो, परवा सकाळी तालीम आहे. येताना प्रत्येकाने एका वृद्ध स्त्रीची विचारून आणलेली हकीगत वहीत लिहून आणावी. जयभीम.